मॉमने काटा उचलेपर्यंत

मॉम आर्डिथचा माझ्यावरचा पहिला संशय लोण्याचा होता. ती या घरात राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. मी या घरचा आचारी, पावाचं पीठ मळत होतो. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "मर्ल, लोणी कुठे जातं?"

"पोरांच्या पोटात, मॉम."

"असं तुझं म्हणणं आहे."

एवढं बोलून ती गेली आणि संध्याकाळी माझ्या बायकोसाठी स्वतः केलेला पीच पाय, म्हणजे पीचचं सारण भरलेला गोड पदार्थ, पाठवून दिला. ही तिची रीतच होती. संशय आणि खाऊ यांचा क्रम मागेपुढे व्हायचा, पण दोन्ही मिळायचंच. टपालवाला मासिकं आधी स्वतः वाचतो आणि मग टाकतो, असा तिला संशय होता. नाताळात सगळ्यात मोठा केक त्यालाच. टीव्हीवरचा हवामान सांगणारा दुकानदारांना सामील आहे आणि बॅटऱ्या खपाव्यात म्हणून वादळं वाढवून सांगतो, असं तिचं ठाम मत होतं. वादळाचा भोंगा वाजला की मात्र तळघरात पहिली तीच, दोन्ही हातांत बॅटऱ्या घेऊन.

चष्मा कपाळावर का, असं मी एकदा विचारलं होतं.

"चष्मा काढला की लोकांना वाटतं, म्हातारीला दिसत नाही. मग जरा सैल वागतात."

"पण मग तुला दिसतं का?"

"तेवढं दिसतं," ती म्हणाली, आणि माझ्या लोण्याच्या भांड्याकडे बघितलं.

आमचं घर म्हणजे विद्यापीठातल्या पोरांच्या एका बंधुसंघाचं घर. कॅन्ससमधल्या आमच्या गावात टेकडीच्या पायथ्याशी अशी घरं ओळीने उभी आहेत. पुढे पांढरे खांब, मागे मोडक्या सायकली आणि आत पन्नासेक पोरं. पोरांना वळण राहावं म्हणून घरटी एक वयस्क बाई ठेवायची पद्धत आहे. तिला सगळे मॉम म्हणतात. आईबापांना चहा पाजणं, नॅपकिन मांडीवर ठेवायला शिकवणं, शर्टाची बटणं लावून देणं, मुलगी सोडून गेली की ऐकून घेणं, हे तिचं काम. आर्डिथचा नवरा धान्याच्या कोठारावर मॅनेजर होता. तो गेल्यावर तिने गावाकडचं घर विकलं आणि आमच्याकडे आली. जेवणघराला लागून तिच्या दोन खोल्या. त्यांत तिची चिनी मातीची भांडी, नवऱ्याचा फोटो आणि अंगणाकडे उघडणारी एक खिडकी. या दोन खोल्या सोडल्या तर तिला जायला जागा नव्हती. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं तिथेच येऊन अडलं.

सोमवारी रात्रीचं जेवण आमच्याकडे थाटाचं असतं. पोरं टाय लावून येतात. एरवी त्याच पोरांना मी उभ्याउभ्या थंड पिझ्झा खाताना बघतो, पण सोमवारी ती राजदूतांसारखी बसतात. आणि मुख्य नियम: मॉमने काटा उचलल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. वाढून झालेलं असतं, वाफा निघत असतात, पन्नास पोरं तिच्या हाताकडे बघत असतात. मॉम मात्र निवांत. कुणाचं कोपर टेबलावर असलं की काटा तसाच ताटाशेजारी. मग कुजबूज सुरू व्हायची, "अरे कोपर काढ, माकडा, रस्सा निवतोय." कोपर निघायचं. काटा वर. आणि एकदम सगळ्या ताटांचा आवाज. मी स्वयंपाकघरातून ताटं पुढे करायच्या खिडकीतून हे बघायचो. बँडमास्तरचंही इतकं कुणी ऐकत नसेल.

आता वाढदिवसाचं प्रकरण सांगायला हवं, त्याशिवाय तिची पंचाईत कळायची नाही.

विद्यापीठाने त्या वर्षी सगळ्या घरांत रॅगिंगविरोधी फलक लावले होते. नवख्या पोरांना कुणी छळताना दिसलं तर या नंबरवर फोन करा, वगैरे. आमचा फलक दिवाणखान्यात टेलिफोनच्या वर होता आणि तो वाचणारी माझ्या माहितीत एकटी मॉमच. तिने तो इतका मनावर घेतला की एका दुपारी खिडकीतून तिला पोरं डोळ्यांना पट्ट्या बांधून एकमेकांना अंगणात ढकलताना दिसली, आणि तिने सरळ फोन लावला. विद्यापीठाच्या पोलिसांतल्या ऑफिसर ट्रुहियो बाई गाडी घेऊन आल्या. अंगणात झाडाला कागदाचं गाढव टांगलेलं होतं, पोरं डोळे बांधून त्याला शेपूट लावायचा सराव करत होती आणि टेबलावर केक होता. केकवर लिहिलं होतं, 'आमच्या मॉमला'. वाढदिवस तिचाच होता. ती गुपचूप ठेवलेली मेजवानी होती.

ऑफिसर बाईंनी केक खाल्ला, पण गोष्ट तिथेच संपली नाही. घराची देखरेख बघणारा डॅरिल हूपर, जुना विद्यार्थी, आता ट्रॅक्टर विकतो, दुसऱ्या दिवशी आला. गोड माणूस. गोड बोलूनच म्हणाला, "आर्डिथ, तुझा जीव आहे पोरांवर, मला कळतं. पण आणखी एक असा फोन झाला तर आम्हाला दुसरी मॉम बघावी लागेल."

"बघितलेली आहे की बघणार आहेस?" तिने विचारलं.

डॅरिल हसला. ती हसली नाही. पण त्या दिवसापासून बाई बिचकली. लोण्यावरचा संशय तसाच राहिला. आपल्या संशयावरचा विश्वास मात्र गेला.

पुढच्या शरद ऋतूत नऊ नवखी पोरं आली, आणि आमच्या कोठीतून पाव नाहीसा व्हायला लागला.

अर्थात तिच्या लेखी चोर मीच. मॉमने पावाच्या डब्याच्या झाकणावर दात कोरायची काडी ठेवायला सुरुवात केली. काडी खाली पडलेली दिसली की माझ्याकडे बघायची. मी म्हटलं, "मॉम, मला पाव लागला तर मी तो करतो. माझी भट्टी आहे."

"म्हणूनच तुझा कुणाला संशय येणार नाही," ती म्हणाली.

खरं सांगायचं तर माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. माझी ताटं परत येत होती. सतरा वर्षं मी या पोरांना रांधून घालतो. चिलीबरोबर, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याबरोबर, दालचिनीचे रोल ठेवले तर ताट चाटून येतं. त्या महिन्यात मात्र सोमवारी काही ताटं अर्धी भरलेली परत यायला लागली. मी मीठ कमी केलं. मग वाढवलं. मग ओव्हनवर संशय घेतला आणि माणूस बोलावून तो तपासून घेतला. घरी बायकोला रोस्ट चाखायला लावला. ती म्हणाली, "चांगला आहे." मी म्हटलं, "तू माझं मन राखतेस." एक संशयी मॉम होतीच, आता दोघं झालो.

शेवटी मॉमनेच एका सोमवारी दुपारी मला कोठीत नेलं. "तू चोर नसशील तर चोर पकडायला माझ्याबरोबर बस," म्हणाली. आम्ही दोघं पिठाच्या पोत्यांमागे बसलो. तिने बरोबर उशी आणली होती, स्वतःपुरती. थोड्या वेळाने दार किलकिलं झालं आणि एझ्रा श्मिट आत आला. नवख्यांपैकी एक, पश्चिमेकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, खांद्याने रुंद, बोलण्याने अरुंद. त्याने डबा उघडला, काडी पडली, आणि भिंतीला पाठ लावून कोरडा पाव खायला लागला. लोणी नाही, काही नाही. चावतही नव्हता फारसा. डोळे दाराकडे.

मॉम उठून उभी राहिली. तो इतका दचकला की पाव हातातून पडला.

"एझ्रा, पाव चोरतोस?"

"सॉरी, मॉम."

"चोरतोस ते चोरतोस. पण मागत का नाहीस? या घरात मागितलं तर मर्ल नाही म्हणतो का?"

"जिमला जातो हल्ली. भूक लागते."

"जिमला जाणारा माणूस असा रोडावतो?" तिने चष्मा कपाळावर नेला. "आई आजारी आहे का? मुलीचं प्रकरण आहे का? कुणी त्रास देतंय का?"

त्याने पडलेला पाव उचलून झटकला. मग अगदी हळू म्हणाला, "शुक्रवारपर्यंतच आहे, मॉम. या आठवड्यातल्या नाही, पुढच्या." आणि निघून गेला.

"शुक्रवारी काय आहे?" मॉमने मला विचारलं.

"काही नसेल. परीक्षा असेल."

"परीक्षेला उपाशी बसतात?"

"पोरं आहेत, मॉम. तू पुन्हा गाढवाची शेपूट करू नकोस."

हे मी बोलायला नको होतं. तिने उशी उचलली आणि खोलीत गेली.

त्याच रात्रीच्या जेवणाला मी रोस्ट आणि कुस्करलेले बटाटे केले होते. मॉमने काटा उचलला. जुन्या पोरांनी झडप घातली. मी खिडकीतून माझ्या रोस्टचं काय होतंय ते बघत होतो, ती दुसरंच बघत होती. जेवण झाल्यावर आत आली, दार लावून घेतलं.

"मर्ल, माझा काटा कुणी बघितला नाही."

"सगळे बघतात."

"ते नऊ जण बघत नाहीत. मी काटा उचलला तेव्हा ते कॉल्बीकडे बघत होते."

कॉल्बी म्हणजे नवख्यांचा मास्तर. दर वर्षी जुन्या पोरांतला एक जण नवख्यांना घराच्या रीती शिकवायला नेमतात. त्या वर्षी हा. केस नीट विंचरलेले, दार उघडून धरणारा, मॉमला 'आज फार छान दिसतेस' म्हणणारा. मॉमला तो पहिल्यापासून आवडत नव्हता, पण तिला तसे सगळेच आवडत नव्हते, त्यामुळे ते कुणी हिशेबात धरत नव्हतं.

"त्याच्या ग्लासकडे," ती म्हणाली. "ग्लास ताटाच्या उजवीकडे असला की ती पोरं जेवतात. चार घास झाले की तो ग्लास डावीकडे ठेवतो. की संपलं. काटे खाली. मग कुणी कितीही उपाशी असो."

"मॉम, माणूस पाणी पिऊन ग्लास कुठेही ठेवतो."

"ठेवतो." ती खुर्चीवर बसली. तिला इतकं दमलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "तू म्हणतोस ते खरंही असेल. मागच्या वेळी मला पट्ट्या दिसल्या होत्या आणि होता वाढदिवस. आता मला ग्लास दिसतोय. उद्या डॅरिल येईल आणि म्हणेल, आर्डिथ, पोराला पाणीसुद्धा पिऊ देत नाहीस. आणि मग मी भांडी घेऊन कुठे जाऊ?"

मी तिच्यापुढे रोल ठेवला. तिने तो उलटा करून खालून बघितला आणि मग खाल्ला.

तो सगळा आठवडा आमचा पहारा चालला. संशय हा सर्दीसारखा असतो, मलाही झाला. नवखी पोरं जिन्यात भेटली की एका सुरात 'गुड मॉर्निंग, मॉम' म्हणायची. मॉम मला म्हणाली, "पोरं एकेकटी चांगली वागतात. नऊच्या नऊ एकदम चांगली वागायला लागली की मागे कुणीतरी उभं असतं." दोन जुनी पोरं नदीबद्दल बोलत होती, मी खिडकीपाशी गेलो तशी बेसबॉलवर आली. कुणी ट्रकच्या मागे खोकी चढवत होतं. मी विचारलं, "काय रे त्यात?" तर म्हणाला, "पुस्तकं." या घरात पुस्तकांची खोकी मी सतरा वर्षांत बघितली नव्हती.

मग शुक्रवारच्या आधीचा सोमवार आला.

पोरं टाय लावून जमली. मॉम दारात उभी होती, निळ्या ड्रेसमध्ये, मोत्यांची माळ घालून. कॉल्बी आला तसा तिने त्याचा हात धरला. "आज तू माझ्याशेजारी बसायचंस. नवख्यांसाठी इतकं करतोस, तुझा मान नको का?"

कॉल्बीला नाही म्हणता येईना. सगळ्यांदेखत मॉमला नाही म्हणायचं नसतं. हेही नवख्यांना त्यानेच शिकवलेलं.

वाढून झालं. मॉमने काटा उचलला. जुने जेवायला लागले. कॉल्बीने ग्लास उजवीकडे ठेवला. नऊ काटे उठले. मी खिडकीत डोकं घालून बघत होतो. दोन घास, तीन घास, आणि कॉल्बीने पाण्याचा घोट घेऊन ग्लास डावीकडे ठेवला. नऊ काटे खाली.

"अरे, तुझं पाणी संपत आलं," मॉम म्हणाली. तिने ग्लास घेतला, भरला आणि उजवीकडे ठेवला.

नऊ काटे उठले.

कॉल्बीने ग्लास उचलला. मॉम म्हणाली, "थांब, रोल इकडे सरकवते," आणि त्याच्या हातातून घेऊन डावीकडे ठेवला. काटे खाली. पुन्हा उजवीकडे. काटे वर. एका नवख्याच्या तोंडात अर्धा बटाटा होता, तो तसाच थांबला. कुणाला हसू आलं असतं. मलाही आलं असतं, एझ्रा ताटावर वाकून घास तोंडात कोंबत नसता तर.

मॉमने आपला काटा ताटात खाली ठेवला. तिचा काटा खाली गेला की बोलणं थांबतं, हाही नियम. पन्नास पोरं गप्प झाली. तिने कॉल्बीचा ग्लास उचलला आणि खिडकीतून माझ्या हातात दिला.

"मर्ल, हा धर. एझ्रा, आता ग्लास मर्लकडे आहे. तो कुणाला उपाशी ठेवत नाही. बोल. शुक्रवारी काय आहे?"

"मॉम, ही जुनी गंमत आहे," कॉल्बी म्हणाला. "आम्ही सगळे यातून गेलोय."

"माहीत आहे," मॉम म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी तू असाच वाळला होतास. मला वाटलं, पोराला आईची आठवण येतेय. मी तुला जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या."

कॉल्बी ताटाकडे बघायला लागला. त्याच्यावर तिने आवाज चढवला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

एझ्रा उठला. उभं राहायची गरज नव्हती, पण उठला. "नदीवर नेणार आहेत. प्रत्येकाला एक बाटली. संपेपर्यंत परत यायचं नाही. पोट रिकामं असलं की चढते लवकर, म्हणून... मला पोहता येत नाही, मॉम."

पुस्तकांची खोकी माझ्या डोळ्यांपुढे आली.

मॉम उठली आणि दिवाणखान्यात गेली. मी मागे गेलो. फलकाखालच्या टेलिफोनवर हात ठेवून ती जरा थांबली, आणि उघड्या दारातून आपल्या खोलीकडे बघितलं. भांड्यांचं कपाट तिथून दिसतं. मग नंबर फिरवला.

"मी आर्डिथ केसलर बोलतेय. हो, तीच. वाढदिवसवाली." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाही, ऑफिसर, या वेळी केक नाही. नऊ पोरं उपाशी आहेत आणि शुक्रवारी त्यांना दारू पाजून नदीवर नेणार आहेत. माझ्यावर विश्वास ठेवू नका. मर्लला विचारा. तो लोणी चोरतो, पण खोटं बोलत नाही."

मी फोन घेतला आणि जे बघितलं ते सांगितलं. ऑफिसर ट्रुहियो या वेळी हसल्या नाहीत. ट्रकमधली खोकी त्यांनी स्वतः उघडली.

त्या शुक्रवारी नदीवर कुणी गेलं नाही. चौकशी बसली, आमचं घर दोन वर्षांसाठी बंद करायचं ठरलं, आणि डॅरिल हूपर पुन्हा आला. यावेळी गोड बोलायचं कसं, ते त्याला सुचत नव्हतं. "तुझं चुकलं नाही, आर्डिथ," तो म्हणाला. "पण घरच नसेल तर मॉम ठेवणार कुठे?"

"हे तू मागच्या वेळीच ठरवलं होतंस," ती म्हणाली, आणि त्याला पीच पाय बांधून दिला.

घर बंद व्हायच्या आधीचं शेवटचं जेवण मी बिएरॉकचं केलं, कोबी आणि खिमा भरलेले गरम पाव. एझ्राच्या आजीकडे असेच करतात म्हणे. मुद्दाम असं केलं की ज्याला काटाच लागत नाही. वाढून झालं. तरी सगळी पोरं हात मांडीवर ठेवून मॉमच्या हाताकडे बघत बसली. नऊच्या नऊ सुद्धा.

मॉमने चष्मा कपाळावर नेला आणि ओळीने एकेकाकडे बघितलं.

"मर्ल," ती मला म्हणाली, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "यांना दुसऱ्याच्या हाताकडे बघून जेवायला कुणी शिकवलं असेल, याचा मी फार शोध घेतला. संशय आता माझ्यावरच आहे." मग पोरांना म्हणाली, "भूक लागली असेल तर खा. माझ्याकडे बघू नका. मी कोण सांगणारी."

कुणी हलेना. शेवटी एझ्राने एक बिएरॉक उचलला, तिच्याकडे पाठ केली आणि चावला.

मॉम आता गावाच्या दुसऱ्या टोकाला, किराणा दुकानाच्या वरच्या एका खोलीत राहते. निम्मी भांडी खोक्यांत आहेत, कारण कपाट जिन्यातून वर गेलं नाही. दुकानदार वजनात काटा मारतो, असा तिला संशय आहे. डॅरिल अधूनमधून चौकशीला फोन करतो. त्यामागे काय असेल याचा ती विचार करतेय. कॉल्बीने एकदा फुलं पाठवली होती. तिने ती हलवून बघितली, पाण्यात ठेवली आणि त्याला उलट फोन करून विचारलं, "जेवतोस का नीट?"

सोमवारी मी तिच्याकडे रांधायला जातो. एझ्रा येतो, कधी त्या नऊंतला आणखी कुणी येतो. जिना चढून दार वाजवलं की मॉम दार उघडायलाच तोंडात घास घेऊन येते. आम्ही पोचायच्या आत तिने घरात असेल ते खायला सुरुवात केलेली असते, म्हणजे कुणाला तिच्यासाठी थांबायला नको. भरल्या तोंडाने ती माझ्या पिशवीकडे बोट करते.

"लोणी पूर्ण आणलंस ना?"